पोतोसी : एका डोंगराने वळवलेला भूगोल

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

स्पॅनिश भाषेत एखादी वस्तू अतिशय मोलाची आहे असे सांगायचे असले, की ‘तिची किंमत एक पोतोसी आहे’ असे म्हणतात. आपण कुबेराचे नाव घेतो, तसे ते लोक पोतोसीचे घेतात. हे पोतोसी म्हणजे कोणी राजा नव्हे की देवता नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया या देशातला तो एक डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी त्याच नावाचे शहर आहे. डोंगराला स्पॅनिश लोकांनी ‘सेरो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, असे नाव दिले. १५४५ ते १८१० या काळात साऱ्या जगात जेवढी चांदी निघाली, तिच्यातील सुमारे पाचवा हिस्सा एकट्या या डोंगराच्या पोटातून निघाला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि आज पोतोसी हा बोलिव्हियातील अत्यंत दरिद्री विभागांपैकी एक आहे.

असे का व्हावे? आर्थिक भूगोलाच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत सापडते. बोलिव्हिया हा देश भूवेष्टित, म्हणजे चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेला, भूभाग अतिउंच, हवा विरळ, जमीन नापीक, म्हणून प्रगती खुंटलेली. परीक्षेत हे उत्तर लिहिले तर गुण मिळतात. पण या प्रदेशाविषयी जसजशी मी वाचत गेले, तसतसे हे उत्तर मला पटेनासे झाले. त्यात सगळा दोष डोंगराच्या आणि हवेच्या माथी मारलेला आहे आणि माणसांनी काय केले ते गाळलेले आहे. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच.

प्रथम उंचीचा मुद्दा घेऊ. अँडीज पर्वताच्या दोन रांगांमध्ये आल्तिप्लानो नावाचे विस्तीर्ण पठार आहे. पोतोसी शहर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहूनही उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दीड कळसूबाई रचावी, तेव्हा कुठे त्या शहराच्या रस्त्यावर पाय टेकेल! डोंगराचा माथा तर सुमारे ४,८०० मीटरांवर. तिथे झाड नाही, नुसते ‘इचू’ नावाचे राठ गवत. रात्री पाणी गोठते. अशा ठिकाणी कोण कशाला राहील, असे आपल्याला वाटते.

पण लोक राहत होते, आणि पोटभर खाऊन राहत होते. केचुआ व आयमारा भाषा बोलणाऱ्या या लोकांनी उंचीलाच कामाला लावले होते. त्यांच्या भाऊबंदकीच्या समूहाला ‘आय्यु’ म्हणतात. एका आय्युची जमीन एका जागी नसे. वर पठारावर बटाटा आणि लामांचे कळप (तिबेटातले लामा नव्हेत, उंटाच्या कुळातले ओझ्याचे जनावर!), खाली उबदार खोऱ्यांत मका, आणि पूर्वेच्या दमट उतारावर कोकाची पाने. चार दिवसांच्या वाटेवर, कधी त्याहून दूर, आपलीच माणसे वस्तीला पाठवायची आणि प्रत्येक हवेतले पीक घरात आणायचे. एका उतारावर गारपीट झाली तरी दुसऱ्यावरचे पीक हाती राही. जॉन मुर्रा या मानववंशशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या रचनेला उभ्या द्वीपसमूहाची उपमा दिली. बेटे समुद्रात आडवी पसरतात, ही डोंगरउतारावर खालपासून वरपर्यंत पसरलेली.

आणि थंडी? थंडीचाही त्यांनी उपयोग करून घेतला. जून-जुलैत तिकडे कडाक्याचा हिवाळा असतो. तेव्हा बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा उन्हात मऊ पडले, की पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात. असे काही दिवस चालले, की बटाटा सुकून खडखडीत, हलका होतो. याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घालतात. त्यांची वाळवणे हिवाळ्यात पडतात, एवढाच काय तो फरक. कोचाबांबाच्या खोऱ्यात कोतापाची येथे इंका राजवटीतल्या दोन हजारांहून अधिक धान्यकोठारांचे गोल पाये आजही एका ओळीत दिसतात. नापीक म्हणून हिणवलेल्या प्रदेशात इतकी कोठारे बांधावी लागत होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंका राजवट काही रामराज्य नव्हते. तीही जिंकून आलेली सत्ता होती आणि कष्ट करून घेत होती. पण कोठारे भरलेली होती.

१५३२ मध्ये पिझारो या स्पॅनिश साहसवीराने काहामार्का येथे इंका राजा अताहुआल्पा याला कपटाने पकडले. सुटकेसाठी राजाने खोलीभर सोने आणि त्याहून अधिक चांदी दिली, आणि ती घेऊन पुढल्या वर्षी त्याला ठार केले. त्यानंतर बारा वर्षांनी, १५४५ मध्ये, पोतोसीची चांदी उजेडात आली. दिएगो हुआल्पा नावाचा एक स्थानिक माणूस डोंगरावर चढताना घसरला, त्याने आधारासाठी झुडूप धरले, ते मुळासकट उपटून आले आणि मुळांना चांदी चिकटलेली होती, अशी कथा सांगतात. कथा किती खरी हे सोडून देऊ. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. पहिली पंचवीस वर्षे चांदी गाळण्याचे तंत्र स्पॅनिशांच्या हाती नव्हतेच. ते होते इथल्या लोकांच्या हाती. ‘वायरा’ म्हणजे वारा. त्याच नावाच्या मातीच्या छोट्या भट्ट्या ते डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडाला ठेवीत. भाता नको, काही नको. इंधन म्हणून गवत आणि लामाचे शेण. रात्री हजारो भट्ट्यांनी डोंगर पेटल्यासारखा दिसे. या काळात काही स्थानिक लोकांनीही चांगला पैसा केला. म्हणजे खाण निघाली त्या दिवसापासूनच दैन्य आले असे नाही.

सारे बदलले ते वरचे सकस खनिज संपल्यावर. उरलेल्या हलक्या खनिजातून चांदी काढायला पारा लागतो. ही पाऱ्याची रीत मेक्सिकोत पाचुका येथे १५५० नंतरच्या दशकात सुरू झाली होती. पेरूमध्ये वांकाव्हेलिका येथे पाऱ्याची खाण सापडली होती. हे दोन धागे जोडले ते व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने. तो १५६९ मध्ये लिमाला आला. अत्यंत कर्तबगार, शिस्तीचा आणि कठोर माणूस. त्याने पोतोसीच्या वरच्या डोंगरांत तलाव बांधवले, पाण्याचा प्रवाह शहरातून नेला आणि त्यावर दगड कुटण्याच्या गिरण्या बसवल्या. कुटलेल्या भुकटीत मीठ आणि पारा मिसळून ती कालवायची, पारा चांदीला धरून ठेवतो, मग तापवून पारा उडवून द्यायचा आणि चांदी मागे राहते, अशी ही कृती. उडालेला पारा कोणाच्या छातीत जात असेल ते सांगायला नकोच.

पण गिरणीपुढे माणूस हवा. तोलेदोने इथे जे केले त्याला मी या साऱ्या इतिहासातली सर्वांत धूर्त गोष्ट म्हणेन. त्याने नवा कायदा शोधला नाही, जुनाच उचलला. इंकांच्या काळी ‘मिता’ म्हणजे पाळी अशी प्रथा होती. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याचे काम करायचे, रस्ता, पूल, कोठार, आणि त्या बदल्यात कामावर असेपर्यंत खाणेपिणे राज्याचे. तोलेदोने शब्द तोच ठेवला. १५७३ च्या सुमारास त्याने सोळा प्रांतांतल्या अठरा ते पन्नास वर्षांच्या पुरुषांपैकी सातव्या हिश्श्याला वर्षभर पोतोसीला येण्याची सक्ती केली. दर वर्षी सुमारे साडेतेरा हजार माणसे. एक आठवडा खाणीत, दोन आठवडे मोकळे, असा नियम कागदावर होता. मजुरी होती, पण आपखुशीने आलेल्या मजुराच्या निम्म्याच्या आसपास. मोकळ्या आठवड्यांतही पोट भरायला दुसरीकडे राबावेच लागे.

लांबच्या प्रांतांतून पोतोसीला पोहोचायला दोन महिने लागत. माणूस एकटा निघत नसे. बायको, मुले, लामांच्या पाठीवर चुन्योची पोती, असा गावच्या गाव निघे. निघतानाच परत येण्याची खात्री नसे. खाणीत किती माणसे मेली? ऐंशी लाख हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापलेला आढळतो. तो मी इथे वापरत नाही, कारण त्याला धड पुरावा नाही आणि त्या प्रदेशाची त्या काळची लोकसंख्या पाहता तो बसतही नाही. अन्यायाचे वजन वाढवायला फुगवलेल्या आकड्याची गरज नसते. खरे नुकसान मोजायचे असेल तर गावांकडे पाहावे. तोलेदोने विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना आखीव गावांत एकत्र आणले. मध्ये चौक, चौकात चर्च, काटकोनात रस्ते. कर गोळा करायला आणि पाळी मोजायला सोयीचे. पण त्यामुळे उतारावरची दूरदूरची शेते आय्युच्या हातून सुटू लागली. ज्याला पाळी चुकवायची तो जन्मगाव सोडून परमुलखात ‘उपरा’ म्हणून राहू लागला, कारण उपऱ्याला मिता नव्हती. गाव रिकामे झाले तरी गावाच्या नावावरची संख्या तीच. मग गावाने माणसाऐवजी रोख चांदी भरायची! खाणमालकांना ही सोय इतकी आवडली, की काहींनी खाण चालवणेच सोडून दिले आणि नुसते ते पैसे घेत राहिले. अशा न आलेल्या माणसांना तिकडे ‘खिशातले इंडियन’ म्हणत.

१६११ च्या एका गणतीत पोतोसीची लोकसंख्या १,६०,००० भरली. त्या काळी युरोपातल्या मोजक्याच शहरांत इतकी माणसे होती. आणि इथे तर धान्याचा दाणा पिकत नाही! म्हणून सारा प्रदेश या एका शहराकडे तोंड करून उभा राहिला. आजच्या उत्तर अर्जेंटिनातून साल्ताच्या बाजारामार्गे खेचरे येत. कोचाबांबाचा मका आणि गहू, ज्या खोऱ्यात ती कोठारे होती तिथला, आता पोतोसीला जाई. यांगास उतारावरून कोकाची पाने. ती चघळल्याशिवाय खाणीत कोणी उतरत नसे. आरेकिपाकडून दारू, किटोकडून कापड. पारा वांकाव्हेलिकाहून चामड्याच्या पिशव्यांत भरून, लामांवरून आणि जहाजांतून. कित्येक शतके उभ्या उतारावर वरखाली चालणारा व्यवहार आता एका बिंदूकडे धावू लागला. भूगोल तोच राहिला, फक्त त्याचे तोंड फिरले.

चांदी कुठे गेली? लामांवरून आरिका बंदराला, तिथून काय्याओ, पनामा, खेचरांवरून पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून अटलांटिक, आणि सेव्हिल. राजाचा हिस्सा पाचवा. पण स्पेन तरी श्रीमंत झाला काय? दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत १५५७ पासून १५९६ पर्यंत स्पेनच्या सरकारने चार वेळा कर्जफेड थांबवली. चांदी बंदरात उतरण्याआधीच सावकारांकडे गहाण पडलेली असे. युरोपातून ती पुढे पूर्वेकडे वाहिली, चीनकडे आणि आपल्याकडे. मुघल साम्राज्यात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या. अकबरापासूनचा रुपया पाडला जाई तो बाहेरून आलेली नाणी वितळवून. सुरतेच्या बंदरात उतरलेले स्पॅनिश रियाल तिथल्याच टाकसाळीत रुपये होत. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्या लुटीतल्या चांदीत अमेरिकेच्या डोंगरांतली चांदी असणार, हे अनुमान काही धाडसाचे नाही. कोणाचा घाम कोणत्या मार्गाने सह्याद्रीत पोहोचला असेल!

चांदीपेक्षा टिकाऊ अशी आणखी एक देणगी त्या बाजूने आली आहे. आपली उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीजचा. मिरची अमेरिकेची. आणि शेंगदाणा तर खास आजच्या दक्षिण बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिनाच्या टापूतला. कोलंबसापूर्वी आपल्या आजीच्या आजीने उपवासाला काय खाल्ले असेल, हा प्रश्न मी घरी विचारून पाहिला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

धर्माच्या बाबतीत स्पॅनिशांनी जे आणले ते लोकांनी घेतले, पण आपल्या पद्धतीने. पोतोसीच्या जुन्या टाकसाळीत आता संग्रहालय आहे. तिथे अठराव्या शतकातले एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव ठाऊक नाही. त्यात कुमारी मेरीचा झगा म्हणजेच सेरो रिको डोंगर. वर तिचा चेहरा आणि दोन हात, झग्यावर वाटा, माणसे, लामा. अँडीजच्या लोकांसाठी डोंगर देवच होता आणि पृथ्वी ‘पाचामामा’ ही आई होती. चर्चला त्यात मेरी दिसली असेल; खाण कामगाराला काय दिसले असेल ते उघड आहे. जमिनीखाली मात्र दुसरे राज्य. प्रत्येक खाणीत शिंगे असलेली मातीची एक मूर्ती असते. तिला ‘एल तीओ’, म्हणजे काका किंवा मामा, म्हणतात. वर चर्चमध्ये क्रूसाला नमस्कार, खाली तीओला कोकाची पाने, दारू आणि पेटवलेली सिगारेट. ही अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याच्या डोक्यावरचा दगड केव्हा पडेल याचा नेम नाही, त्याने खनिजाच्या मालकाशी नाते जोडून ठेवावे यात नवल ते काय?

लोक नुसते सोसत राहिले असेही नाही. अठराव्या शतकात शनिवारच्या रात्री काम थांबले, की ‘काख्चा’ म्हणवणारे मजूर खाणीत शिरत आणि सोमवारच्या पहाटेपर्यंत स्वतःसाठी खनिज काढत. मालक याला चोरी म्हणत, ते लोक आपला हक्क म्हणत. १७८० मध्ये पोतोसीच्या उत्तरेस चायांता भागात तोमास कातारी याच्या नेतृत्वाखाली आणि कुस्कोकडे दुसऱ्या तुपाक आमारूच्या नेतृत्वाखाली उठाव झाले. १७८१ मध्ये तुपाक कातारीने ला पाझ शहराला महिनोन्‌महिने वेढा घातला. तिघेही मारले गेले. मिता मात्र त्यानंतरही तीस वर्षे चालली. १८१२ मध्ये स्पेनच्या संसदेने ती कागदावर रद्द केली आणि १८२५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ती खऱ्या अर्थाने संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिमोन बोलिव्हार स्वतः सेरो रिकोच्या माथ्यावर चढून गेला.

आता भूवेष्टितपणाचा मुद्दा. बोलिव्हिया जन्मतः भूवेष्टित नव्हता. अँटोफगास्ताचा किनारा त्याच्याच ताब्यात होता. त्या वाळवंटातल्या खतोपयोगी सोऱ्यावरून १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटले, त्यात तो किनारा गेला, आणि १९०४ च्या तहाने ते पक्के झाले. म्हणजे ‘भूवेष्टित’ हे विशेषण निसर्गाने दिलेले नाही, त्याला तारीख आहे. समुद्रापर्यंत वाट मिळावी यासाठी बोलिव्हियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये निकाल विरुद्ध गेला.

रेल्वे आली तीही त्याच जुन्या दिशेने. अँटोफगास्ता बंदराहून निघालेला लोहमार्ग १८८९ मध्ये उयुनीला आणि १८९२ मध्ये ओरुरोला पोहोचला. खनिज खाली नेण्यासाठी तो होता, गावाला गाव जोडण्यासाठी नव्हे. देशाच्या पश्चिमेचे आणि पूर्वेचे लोहमार्ग आजही एकमेकांना जोडलेले नाहीत. विसाव्या शतकात चांदीची जागा कथिलाने घेतली. सिमोन पातिन्यो हा बोलिव्हियातच जन्मलेला माणूस, जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एक झाला. पण कथिल गाळले जाई ते इंग्लंडात. स्वातंत्र्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९५२ च्या क्रांतीत, मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. देशाची स्वतःची कथिल गाळण्याची मोठी भट्टी ओरुरोजवळ व्हिंतो येथे सुरू व्हायला १९७१ साल उजाडले. आणि १९८५ मध्ये कथिलाचे भाव जगभर कोसळले. सरकारी खाणींतले वीस हजारांहून अधिक कामगार एका फटक्यात बेकार झाले. बायकामुलांसह ते पुन्हा वाटेला लागले, यावेळी डोंगराकडे नव्हे तर डोंगराकडून, ला पाझवरच्या एल आल्तो वस्तीकडे आणि पूर्वेच्या जंगलाकडे.

सेरो रिको अजून पोखरला जातोच आहे. सहकारी संस्थांचे हजारो सभासद शिल्लक चांदी, जस्त आणि कथिल काढतात. छातीत धूळ भरून फुप्फुसे निकामी होतात आणि तरुण माणसे जातात. ज्यांचे नवरे गेले त्या बायका टाकून दिलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांतून हाताने खनिज निवडतात. त्यांना ‘पाय्यिरी’ म्हणतात. २०११ मध्ये डोंगराचा माथाच खचला. १९८७ पासून जागतिक वारसा असलेले हे शहर २०१४ मध्ये युनेस्कोच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले.

याच पोतोसी विभागात, उयुनीला, दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे पांढरेशुभ्र मिठाचे मैदान आहे. त्याच्या खालच्या खारट पाण्यात लिथियम आहे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी साऱ्या जगाला ते हवे आहे. त्यासाठी एका जर्मन कंपनीशी केलेला करार पोतोसीच्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केल्यावर २०१९ च्या नोव्हेंबरात सरकारला रद्द करावा लागला. आंदोलकांचे म्हणणे होते, की विभागाच्या पदरात पडणारा वाटा फार थोडा आहे. त्यानंतर दुसऱ्या देशांच्या कंपन्या आल्या, नवे करार पुढे आले, आणि त्यांवरही पोतोसीत तोच वाद चालू आहे : लिथियम नुसते काढून बंदराला पाठवायचे, की त्याच्या विद्युतघटांचा कारखाना इथेच काढायचा.